अनवधानाने राहून गेलेली

माझ्या लग्नाची पत्रिका ज्यांना ज्यांना दिली त्यांच्यापैकी एकानेच ती मला परत केली. तपासून. 'आशिर्वाद'मधल्या ऱ्हस्व 'शि'वर लाल शाईची एक सरळ रेघ, वर दीर्घ 'शी', आणि बाजूला बारकीशी सही. कार्यालयाच्या पत्त्यात 'टेंभी नाक्या जवळ' असं तोडून छापलं होतं, ते दोन तुकडे जोडून दिले होते. तळाला लिहिलं होतं, 'बाकी बरोबर. शुभेच्छा.'

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. तेव्हा माझं वय बाविशीचं, केसांना पर्म, डोळ्यांवर कारण नसताना गॉगल, आणि आपण एखाद्याशी बोलायचं बंद केलं की तो माणूस झुरतो अशी पक्की समजूत. ते झुरले नाहीत. उलट आठवड्याने म्हणाले, "टायपिस्टबाई, हल्ली तुमच्या चुका कमी झाल्यात. बोलणं कमी केलंत ते बरं केलंत."

ते आमचे हेडक्लार्क. ठाण्याजवळ कोलशेतला खाडीच्या अंगाला रंगांचा एक कारखाना होता, त्याच्या हिशेब खात्यात मी टायपिस्ट होते. वारा फिरला की डब्यातल्या पोळीलाही रंगाचा वास यायचा. त्या वासानेच त्यांना खोकला जडला होता. अंगाने काडी, शर्टाच्या खिशाला तीन पेनं, निळं, काळं आणि लाल. बोलता बोलता खोकला आला की बोट वर करून वाक्य थांबवायचे, खोकून घ्यायचे, आणि जिथे तोडलं होतं त्याच शब्दापासून पुढे जायचे. आपण मधल्या मधे दुसरं काही बोललो असू तर ते त्यांच्या हिशेबी धरलंच जात नसे. नोकरांपासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना अहो-जाहो. डब्यातली पोळी आधी, मग भाजी, मग भात. एकत्र केलं की कशाची चव कुणाच्या नावावर टाकायची ते कळत नाही म्हणायचे.

कारखान्यातली पोरं त्यांना पाठीमागे 'दुरुस्ती' म्हणत. दुरुस्ती आला. दुरुस्ती जेवायला बसला. ते कल्याणला राहायचे आणि रोज खोपटच्या स्टँडवरून एसटीने जायचे, कारण रेल्वे स्टेशनवर जे काही कर्ण्यातून सांगतात त्यातल्या चुका आपल्याला सुधारता येत नाहीत, जीव नुसता वरखाली होतो. एसटी स्टँडवर निदान फळा असतो. एकदा फळ्यावर कुणी 'कल्यान' लिहिलं होतं. ह्यांनी खिशातून खडू काढला, 'न'वर रेघ मारली, वर 'ण' काढला. तेवढ्यात गाडी निघून गेली.

"अहो काका, गाडीत बसायचं सोडून फळ्याशी काय करताय?" कंट्रोलर ओरडला.

"गाडी दुसरी येईल," हे म्हणाले. "हे मात्र सगळे असंच वाचत बसतील."

मी कामाला लागले त्याच महिन्यात स्टेशन रोडवरून व्हाइटनरची बाटली आणली होती. मला वाटत होतं विज्ञान माझ्याच टेबलावर अवतरलंय. त्यांनी बाटली उचलली, उन्हात धरली.

"हे काय?"

"व्हाइटनर, साहेब. चूक दिसतच नाही."

"म्हणजे चूक लपते." बाटली परत ठेवली. "लपवायची नाही, टायपिस्टबाई. एक रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर लिहायचं. बाजूला सही. म्हणजे कळतं, चुकलं कोण आणि सुधारलं कोण."

"आणि दोन्ही मीच असले तर?"

"बहुतेक वेळा दोन्ही आपणच असतो."

ह्या वाक्यात काही आहे हे कळायला मला फार वर्षं लागली. तेव्हा मी ती बाटली पांढऱ्या सँडलच्या सोललेल्या टाचांना लावून संपवली आणि टाचा नव्यासारख्या दिसतात म्हणून खूश झाले.

आयकराची विवरणपत्रं भरायचा हंगाम आला की दुरुस्तीसाहेबांचं खरं रूप दिसायचं. डबा झाला की कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ते बसायचे आणि ज्यांना कर लागायचा ते कामगार ओळीने यायचे. ह्या कामाचं ते काही घेत नसत, चहासुद्धा नाही. पगारात मुलांच्या शिक्षणाचा भत्ता असे. मूल शिकत आहे हे लिहून दिलं की त्या भत्त्यावर कर बसत नसे. म्हणून त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. मुलं किती, कितवीत, कुठल्या शाळेत. कुणाचं काही लिहायचं राहिलं आणि नंतर ध्यानात आलं, तर साहेब सुधारित विवरणपत्र भरून द्यायचे. त्याला जोडायच्या पत्राचा मसुदा त्यांनी स्वतः घडवला होता. फॉर्म इंग्रजी, पण पत्र मराठी, हा त्यांचा हट्ट. 'मूळ विवरणपत्रात खालील माहिती अनवधानाने राहून गेली आहे, ती ह्याद्वारे सादर करीत आहे.' मी ते इतक्या वेळा टाइप केलं होतं की झोपेत करवून घेतलं असतं तरी चुकले नसते. माझं बिनचूक असं एवढं एकच.

"अनवधानाने हा शब्द महत्त्वाचा," ते सांगायचे. "विसरलात, तर दुरुस्ती आहे. मुद्दाम वगळलंत, तर दुरुस्ती नाही."

धर्मा म्हणून एक कामगार होता, मिक्सिंग खात्यातला. तिथल्याच गावचा कोळी, कंपाउंडच्या भिंतीला लागूनच घर. त्याची पाळी आली.

"मुलगी कितवीत?"

"हाय शालंत."

"शाळेत आहे ते कळलं. इयत्ता?"

"मना नाय ठावं, साएब. तिचे आईसला ठावं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "बापाला मुलीची इयत्ता ठाऊक नाही? जा, विचारून या."

"आता? पाली सोरून?"

"मुकादमाला मी सांगतो. जा."

धर्मा गेला आणि मुलीलाच बखोटीला धरून घेऊन आला. "ही घ्या. हिलाच इचारा."

"सातवी ब," पोरगी म्हणाली. तिला वाटलं कोणी इन्स्पेक्टर आलाय. फॉर्ममध्ये तुकडी लिहायला जागा नव्हती. साहेबांनी ब लिहिला. आम्ही सगळे हसलो, आणि मी सर्वांत मोठ्याने, कारण हसताना माझे केस छान हलतात असं मला कोणीतरी सांगितलं होतं.

त्यांना स्वतःला एकच मुलगी होती. शैला. बायको लवकर गेली होती, पोटाच्या आजाराने, बरेच महिने इस्पितळात राहून. त्यानंतर बापलेक दोघंच. सकाळी उठून स्वतः तिची वेणी घालायचे, हे त्यांनीच एकदा सांगितलं होतं. भांग वाकडा गेला तर पुन्हा पहिल्यापासून. त्यांना स्वतःला सी.ए. व्हायचं होतं. परीक्षेला बसले होते, किती वेळा ते कोणी विचारायचं नाही. "आमच्या घरात सी.ए. यायचाय," एवढंच म्हणायचे, पाहुणा यायचा असल्यासारखे. शैलाला कॉमर्सला घातलं होतं.

शैलाने बारावी केली आणि परस्पर ठाण्याच्या एका इस्पितळात नर्सिंगचा अर्ज केला. आईच्या उशाशी बसून तिने ज्या बायकांना काम करताना पाहिलं होतं, तसं तिला व्हायचं होतं. आज कोणी हे सांगितलं तर आपण पेढे वाटू. तेव्हा आमच्यासारख्या घरांत नर्स म्हटलं की आवाज खाली जायचा. दुसऱ्याची घाण काढायची, रात्रपाळ्या करायच्या, लग्न कोण करणार. पुढचं मला शैलाने सांगितलं. प्रवेशाचं पत्र तिने बापाच्या हातात दिलं. त्यांनी ते वाचलं, त्यातल्या दोन चुका लाल केल्या, परत दिलं, आणि म्हणाले, "जायचं तर जा. मग इथे यायचं नाही."

ती गेली. होस्टेलवर राहिली.

ऑफिसात आम्हाला काहीच पत्ता नव्हता. मला कळलं ते भत्त्यासाठीची मुलांची यादी टाइप करताना. दर वर्षी त्यांच्या नावापुढे शैलाचं नाव आणि इयत्ता असायची. त्या वर्षी तिथे काही नव्हतं. मी आनंदाने उठले. दुरुस्तीसाहेबांची चूक सापडली! सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं विचारलं, "साहेब, तुमच्या शैलाचं राहिलं वाटतं?"

त्यांनी बोट वर केलं. मला वाटलं खोकला येतोय. खोकला आला नाही. बोट तसंच थोडा वेळ वर राहिलं, मग खाली आलं.

"राहिलं नाही," ते म्हणाले. "टाइप करा."

त्या वर्षीच्या विवरणपत्रातही त्यांनी मुलीचा रकाना कोरा ठेवला आणि भत्त्यावर कर भरला. माझं लग्न होऊन मी डोंबिवलीला गेले ते त्याच सुमारास. पत्रिका तपासून आली ती त्याच महिन्यातली. त्या माणसाच्या घरात तेव्हा काय चाललं होतं हे माहीत नसताना मी दीर्घ 'शी'वरून रुसून बसले होते, हे आठवलं की आजही स्वतःच्या त्या पर्मला झिंज्या धरून हलवावंसं वाटतं.

मग धर्माच्या हातावर रंगात मिसळायचं गरम रेझिन सांडलं. कोपरापर्यंत भाजला. त्याला ठाण्याला नेलं, पुष्कळ दिवस तिथे होता. परत आला तो हात गळ्यात बांधून, आणि सरळ कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी. साहेबांचा डबा अजून चालू होता, मी समोर बसले होते.

"साएब, तुमची पोर म्हंजे देवमानूस हाय."

"कोण पोर?" साहेब म्हणाले.

"शैला सिस्टर. आरनाव तुमचंच, तवा मी इचारलं. रोज माजी पट्टी तीच बदली करायची. मी बोंबलायचो तं मना बोलायची, धर्माकाका, गानं बोला, गानं बोला. मी गानं बोलायचो नि ती कातडं काढायची. साएब, माजे घरची पन हात लावाला भ्यायची."

साहेबांनी पोळीचा तुकडा मोडून हातात धरला होता.

"अजून एक इचारलान तिनं," धर्मा खाली वाकून म्हणाला. "मना बोलली सांगू नको. पन मी सांगतंय. बोलली, बाबांचा खोकला कसा हाय?"

त्यांनी तो तुकडा परत डब्यात ठेवला, डब्यातल्या डब्यात दुसऱ्या पोळीवर नीट बसवला, झाकण लावलं. उरलेलं जेवलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आले. "टायपिस्टबाई, एक सुधारित विवरणपत्र करायचंय. आकारणी व्हायच्या आत गेलं पाहिजे, म्हणजे वेळ फार नाही."

"कुणाचं?"

"माझं."

नेहमीचं पत्र मी टाइप करून दिलं. त्यात माहिती भरायची होती. विद्यार्थिनीचं नाव त्यांनी लिहिलं. पुढे अभ्यासक्रम, कितवं वर्ष, संस्थेचं पूर्ण नाव. पेन कागदावर टेकलेलं राहिलं. निळ्या शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"तुम्हाला ठाण्याची माहिती आहे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "माहेर तिथेच. जाऊन विचारून याल? आणि शिकत असल्याचा दाखला लागेल, बोनाफाईड."

मी म्हणायला हवं होतं, तुम्ही जा. पण मला कसली तरी दूत झाल्यासारखं वाटलं. नवी साडी नेसून गेले.

होस्टेलच्या व्हरांड्यात शैला आली ती ड्यूटीवरून. निळी साडी, पांढरी टोपी, बापासारखीच काडी. मी लांबलचक प्रस्तावना केली. ती ऐकत होती का कळेना. तिने माझ्या हातातला कागद घेतला आणि वाचला. एकदा. मग पुन्हा.

"अनवधानाने राहून गेली," तिने मोठ्याने वाचलं. "मी?"

"तो मसुदाच आहे गं. सगळ्यांना हेच लिहितात."

"ह्यांचं आयुष्यात कधी काही राहून गेलंय? निघताना कुलूप ओढून बघतात, जिना उतरतात, परत वर जाऊन ओढून बघतात. मला वाटत होतं चिडलेत. चिडलेत तर एक दिवस उतरेल, म्हणून मी वाट बघत होते. विसरलेत हे मला ठाऊक नव्हतं."

"अगं, विसरले नाहीत—"

"लिहिलंय की तुम्ही." तिने कागद घडी करून माझ्या हातात दिला. "त्यांना सांगा, विसरलं असेल तर राहू दे. काही अडत नाही." आणि ती आत गेली. मी नवी साडी नेसून व्हरांड्यात उभी.

मी त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. थोडं गोड करून सांगावं असं वाटलं होतं, पण त्या माणसापुढे गोड केलेलं टिकत नसे. ते ऐकत राहिले. मग कागद उलगडून समोर ठेवला आणि स्वतः घडवलेलं ते वाक्य दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं वाचलं.

"बरोबर आहे तिचं," म्हणाले.

खिशातलं लाल पेन काढलं. 'अनवधानाने राहून गेली आहे' ह्यावर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. वर लिहिलं, 'मी रागाने व जाणूनबुजून वगळली होती.' बाजूला सही केली.

"साहेब, हे असं नाही चालणार," मी म्हटलं. "तुम्हीच तर सांगता, मुद्दाम वगळलं तर दुरुस्ती नाही."

"हो," ते म्हणाले. "चला."

मला चला म्हटलं होतं की स्वतःला, हे मी विचारलं नाही. बरोबर गेले. चोंबडेपणा माझ्यात जन्मजात, आणि त्याबद्दल मला आजतागायत पश्चात्ताप नाही.

व्हरांड्यात एक बाकडं होतं. शैला आली, बापाला बघून दारातच थांबली. ह्यांनी नमस्कार-चमत्कार काही नाही, उठून कागद पुढे केला, वरिष्ठांपुढे फाईल धरतात तसा. तिने वाचला. बराच वेळ त्या लाल ओळीवरून तिची नजर हलेना.

"विसरला नव्हतात?"

"नाही."

"एकदाही?"

त्यांनी बोट वर केलं. खोकला आला, मोठा आला. तिचा हात आपसूक पुढे झाला आणि मधेच थांबला. खोकून झाल्यावर ते म्हणाले, "रोज आठवून वगळत होतो. न आठवता वगळता येत नाही, शैला."

ती बाकड्यावर बसली. हेही बसले, मधे एक माणूस बसेल एवढी जागा सोडून. मी त्या जागेत बसले नाही, एवढी अक्कल मला होती. मी जरा लांब जाऊन नोटीस बोर्ड वाचत उभी राहिले आणि कान मागे ठेवले.

"कितवं वर्ष?" त्यांनी विचारलं.

"दुसरं."

"अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव?"

तिने सांगितलं. त्यांनी लिहिलं. "मिडवाइफरीचं स्पेलिंग?" तेही सांगितलं. त्यांनी कुणाला स्पेलिंग विचारल्याचं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी ऐकलं नाही.

"औषध घेता का?" ती म्हणाली.

"घेतो."

"खोटं."

"अधूनमधून घेतो," त्यांनी दुरुस्त केलं.

दाखला तिने चार दिवसांनी पाठवला. घरी चल असं ते म्हणाले नाहीत आणि येते असं ती म्हणाली नाही.

कल्याणच्या आयकर कचेरीतही मी बरोबर गेले. तिथला अधिकारी भला माणूस होता. पत्र वाचून त्याने चष्मा काढला. "हे काय लिहिलंयत? चूक नजरचुकीची असली तरच मला सुधारित विवरणपत्र घेता येतं. तुम्ही तर म्हणताय जाणूनबुजून. अहो, इतरांची इतकी पत्रं आणता तुम्ही, तुम्हाला सांगायला हवं का? हा घ्या कोरा कागद. अनवधानाने लिहा, आत्ता शिक्का मारतो."

"तसं झालेलं नाही," साहेब म्हणाले.

"कुणाला कळणारे?"

"तिने वाचलंय."

अधिकाऱ्याला काही कळलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले. त्याने पत्र परत दिलं. मुदत गेली, आकारणी झाली, आणि सरकारदरबारी त्या वर्षी दुरुस्तीसाहेबांना शिकणारी मुलगी नव्हती ती नव्हतीच. बाहेर आल्यावर मी जिन्यात उभी राहून त्यांना लंबंचौडं व्याख्यान दिलं. एका शब्दासाठी कोणी एवढं करतं का, हातात आलेलं घालवलंत, व्यवहार म्हणून काही असतो की नाही. वय वर्षं तेवीस, आणि मी त्यांना व्यवहार शिकवत होते! त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"व्यवहार पुढच्या वर्षी," म्हणाले. "पुढच्या वर्षी रकाना आधीच भरीन."

आणि भरला. पण त्याआधी एका रविवारी शैला कल्याणला गेली, विवरणपत्राचं काय झालं ते विचारायला. त्यांनी सांगितल्यावर ती आधी हसली, म्हणे पोट धरून हसली, मग ओट्याला टेकून रडली. "लिहायचं होतं ना बाबा, अनवधानाने. माझी हरकत नव्हती आता." त्यावर हे काय म्हणाले ते तिने मला कधी सांगितलं नाही. त्यानंतर सुट्टीच्या रविवारी ती जायला लागली. राहायला मात्र पुन्हा कधी गेली नाही. आधी होस्टेल होतं, मग नोकरी लागली, पाळ्या लागल्या. त्यांनी तिच्यासाठी वेगळी पांघरुणं धुऊन ठेवली होती, ती दर पावसाळ्यानंतर पुन्हा धुवायची एवढंच झालं. माणसं परत येतात, पण जिथून गेली त्या जागी येत नाहीत. त्यांना ते कळलं होतं. सोमवारी कामावर आले की जरा जास्तच चुका काढायचे.

नव्वद सालानंतर आमचा कारखाना बंद पडला. ते त्याआधीच निवृत्त झाले होते. मी दोन पोरं, डोंबिवलीतली दोन खोल्यांची जागा आणि वाढलेलं वजन सांभाळत होते. एक दिवस शैलाचा फोन शेजाऱ्यांकडे आला. साहेबांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिने त्यांना ठाण्याला, आपल्याच इस्पितळात आणलं होतं.

मी दुपारी गेले. पुरुषांचा मोठा वॉर्ड, खिडकीजवळची खाट. माझं टाइपरायटरवरचं सगळं आयुष्य ज्या आवाजाने तपासलं होतं तो आवाज तिथे नव्हता. नुसते डोळे होते. शैलाने मला बाजूला घेतलं. ती आता स्टाफ नर्स होती, कपाळावर बारीक आठी, बापाची.

"ताई, इथे मी त्यांची मुलगी आहे हे कुणाला सांगू नका. दाखल करताना नातेवाईक म्हणून शेजाऱ्यांचं नाव घातलंय."

"का गं?"

"नात्यातला पेशंट असला की ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात लावतात. मग मुलगी म्हणून संध्याकाळी तासभर भेटायचं, बस. सिस्टर म्हणून सगळी पाळी माझी. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं." ती थांबली. "फार दिवस नाहीत. डॉक्टरांनी सांगितलंय."

मी मान हलवली. परत खाटेशी येऊन बसले. शैला वाटीत पेज घेऊन आली, त्यांच्या गळ्याशी टॉवेल लावला. तेवढ्यात मेट्रनची फेरी आली. नव्या होत्या, कडक. खाटेला अडकवलेला कागद त्यांनी उचलून वाचला आणि शैलाकडे पाहिलं.

"सिस्टर, आडनाव तुमचंच दिसतंय. कोण लागतात तुमचे?"

शैलाचा चमचा वाटीत फिरत होता. तो थांबला नाही.

"कोणी नाही, मॅडम. हे आडनाव आमच्याकडे ढिगाने आहे."

मी साहेबांकडे बघितलं. त्यांचे डोळे मेट्रनवर खिळले होते. डावा हात चादरीवरून उचलला गेला होता, आणि बोट वर झालं होतं. सगळा जन्म ज्याने एक काना जाऊ दिला नव्हता तो माणूस. आता बोट शैलाकडे वळलं की झालं. शैलानेही ते पाहिलं. तिचा चेहरा जागचा हलला नाही, फक्त चमचा थांबला.

"ह्यांना काय हवंय?" मेट्रननी विचारलं.

त्यांनी मुलीकडे पाहिलं. मग ते बोट हळूहळू वळलं आणि पेजेच्या वाटीकडे झालं.

"भूक लागलीय त्यांना," मेट्रन म्हणाल्या. "भरवा, सिस्टर." आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

शैला वाकली. मेट्रन अजून ऐकू जाईल एवढ्याच अंतरावर होत्या.

"आजोबा," ती म्हणाली, वॉर्डातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना म्हणायची तशी, "तोंड उघडा बघू."

त्यांनी उघडलं.